पिराच्या चार ओळी

“आणि त्याच्या आधी?” मास्तरांनी विचारलं.

“त्याच्या आधी किल्ला राखणं, वचन पाळणं. सहा-सातशे वर्षं झाली त्याला.”

“आणि त्याच्या आधी?”

डॉ. रेवणसिद्ध उंबरजे यांना असं खोदून विचारायची विद्यापीठात कुणाची छाती नव्हती. तिथे तेच विचारायचे आणि बाकीचे खाली बघायचे. पण हे विद्यापीठ नव्हतं. भीमेकाठच्या कुरणवाडीत, पिराच्या दर्ग्यामागच्या ज्वारीच्या रानात, चार खांबांच्या माळ्यावर ते मांडी घालून बसले होते. समोर इमाममास्तर होते, ज्यांनी त्यांना पाचवीत ए बी सी डी गिरवायला लावली होती. इथे ते नुसते रेवण होते.

“बघा मास्तर,” रेवण म्हणाला, “इंग्रजीतलं कीप हे साधं क्रियापद नाही. गाय कीप करतात, दुकान कीप करतात, गुपित करतात, सण करतात. घड्याळ वेळ कीप करतं. दूध नासलं नाही तर ते कीप झालं. माणसाला ताटकळत बसवलं तरी कीपच. चेंडू अडवायला यष्ट्यांमागे उभा राहतो तोही तेच करतो. मी एकसष्ट अर्थ काढलेत. आठ महिने बसलो होतो या एका शब्दावर.”

“आठ महिने.” मास्तरांनी मान डोलावली. “बरेच झाले.”

ही स्तुती की टोमणा, ते रेवणला कळेना. मास्तरांचं हे पहिल्यापासून असंच. वर्गातही शाबासकी आणि छडी देताना त्यांचा चेहरा सारखाच असे.

“मी विचारत होतो, त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी…” रेवणने हातातले छापील कागद मांडीवर ठेवले. “खरं सांगायचं तर मूळ अज्ञात आहे. हजार वर्षांपूर्वी हा शब्द लिखाणात एकाएकी उगवतो. शेजारच्या कुठल्याही भाषेत त्याचा खात्रीचा भाऊबंद नाही. आई नाही, बाप नाही. कुठून आला, कुणाला ठाऊक नाही.”

“आला तेव्हा काय म्हणत होता?”

“काय म्हणजे… लक्ष देणं. कान देणं. नजर लावून बसणं, वाट बघणं. असं काहीतरी. पण तो अर्थ मेला. गेल्या कित्येक शतकांत त्या अर्थाने तो कुणी वापरलेला नाही. जागा फार खातात असले मेलेले अर्थ. मीच कोशाच्या समितीला सुचवलं, गाळून टाका.”

“गाळला?”

“गाळला.”

मास्तर रानाकडे बघत राहिले. त्यांना लांबचं चांगलं दिसायचं, जवळचं कमी. ज्वारी चिकात आली होती आणि कणसं वाकायला लागली होती. पौषातलं ऊन पाठीला बरं वाटत होतं.

“मेला, हे ठरवलं कुणी?” त्यांनी विचारलं.

रेवण हसला. तो काही यावर वाद घालायला आला नव्हता.

तो आला होता पेटीसाठी.

ती पेटी पत्र्याची होती आणि दर्ग्याच्या कोनाड्यात, चादरींच्या गठ्ठ्याशेजारी असायची. इमाममास्तरांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि चाळीस वर्षं जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक इंग्रजी शब्द, आणि त्याखाली तो शब्द ज्या जागी लागेल त्या जागी गावातली माणसं काय बोलतात ते. बाजारात काय बोलतात, खळ्यावर काय, मयताला गेल्यावर काय. निवृत्त झाल्यावर त्यांनी दर्ग्याची मुजावरी घेतली, पिराच्या नावची दोन एकर ज्वारी राखली, पण चिठ्ठ्या काही थांबवल्या नाहीत.

मोठा इंग्रजी-मराठी कोश छापायला निघाला होता. उद्या सकाळी दहाला सोलापुरात कोशसमितीची बैठक होती आणि त्यात प्रमुख संपादकाचं नाव ठरणार होतं. ते रेवणचंच ठरणार होतं, कारण रेवणने समितीला सांगितलं होतं की इमाममास्तरांची पेटी माझ्याकडे आहे. माझ्या घरी आहे, असं सांगितलं होतं. उद्या घेऊन येतो.

पेटी घरी नव्हती. पेटीचं सोडा, एकोणीस वर्षांत तो स्वतःच या गावात फिरकला नव्हता. शेवटचा निघाला तेव्हा म्हणाला होता, दिवाळीला येतो. कुठल्या दिवाळीला, ते बोलायचं राहून गेलं.

आज सकाळपासून तीनदा त्याने विषय काढायचा प्रयत्न केला आणि तीनदा तो कीपवर घसरला. विद्वान माणसाला मागायची लाज वाटली की तो व्याख्यान देतो.

“मास्तर,” शेवटी तो म्हणाला, “ती पेटी… कोशाच्या कामी आली असती.”

“देईन की.”

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो गडबडला.

“साडेपाचची गाडी आहे माझी. शेवटची.”

“मिळेल. आत्ता तीनच वाजलेत.” मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले. “दर्ग्यात नवस फेडायला माणसं आलीत, त्यांचा फातेहा देऊन येतो. तोवर रान राख. आता भोरड्या यायची वेळ झाली.”

गोफण त्यांनी रेवणच्या पुढ्यात ठेवली आणि शिडीवरून सावकाश उतरू लागले. उतरता उतरता ते काहीतरी सांगत होते. दर्ग्याकडच्या ओळी, हिरव्या चिंध्या, असं काहीतरी. रेवणला नेमकं त्याच वेळी सुचलं होतं की राखण करणं आणि राखून ठेवणं हे दोन अर्थ त्याने एकाच आकड्याखाली घातलेत, ते वेगळे करायला हवेत. समासात तो घाईघाईने लिहीत होता.

“कळलं ना?” खालून मास्तरांनी विचारलं.

“हो, हो.”

“बघ हं.”

“हो मास्तर.”

ते गेले. त्याने बासष्ट हा आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि गोफण उचलली.

लहानपणी रेवणचा हात चांगला होता. अख्ख्या शिवारात त्याच्याइतका लांब खडा कुणाचा जात नसे. पहिले दोन खडे भलतीकडे गेले, तिसऱ्याला दोरी नीट वाजली आणि त्याला इतका आनंद झाला की आपण पंचावन्न वर्षांचे आहोत हे तो विसरला. कोट काढून त्याने खांबाला अडकवला.

भोरड्या आल्या. नदीकडून काळसर गुलाबी थवा उठला, रानावर एक गिरकी घेतली आणि दर्ग्याच्या बाजूला, भिंतीलगतच्या ओळींवर उतरला.

“हाऽऽ हुर्रेऽऽ!”

खडा गेला. थवा उठला, फिरला, परत तिथेच बसला.

रेवणने पुन्हा गोफण फिरवली. पाखरं पुन्हा उठली आणि पुन्हा तिथेच आली. सगळं दोन एकर रान मोकळं पडलेलं असताना त्यांना तेवढीच जागा हवी होती. तिथल्या ताटांना हिरव्या चिंध्या बांधलेल्या होत्या. बुजावण्यासाठी बांधल्या असतील, रेवणच्या मनात आलं, आणि या निर्लज्ज जातीला चिंधीचीही भीती राहिलेली नाही. मग तो हट्टालाच पेटला. माळ्यावर उभा राहून ओरडून ओरडून त्याने घसा बसवून घेतला. एक कण म्हणून त्यांना टिपू दिला नाही. विसाव्या की पंचविसाव्या खड्याला थव्याने नाद सोडला. तो वर उठला, माळ्यावरून गेला आणि बांधापलीकडे दिसेनासा झाला.

रान शांत झालं. रेवणने घाम पुसला. एकही पाखरू नाही. मास्तर येतील तेव्हा त्यांना दाखवण्यासारखं काम झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी शाबास म्हणावं असं त्याला फार वाटत होतं. विद्यापीठाने शाली पुष्कळ घातल्या होत्या, पण या एका माणसाच्या तोंडून स्वतःसाठी तो शब्द ऐकायला मिळालेला नव्हता.

तेवढ्यात बांधापलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

“कोण हाय रं त्यो माळ्यावर?”

ज्वारी बाजूला सारत एक म्हातारी पुढे आली. पदर खोचलेला, हातात पत्र्याचा डबा आणि तो बडवायची काठी. शेजारच्या रानाची गौराक्का. रेवणने तिला ओळखलं, तिने त्याला ओळखलं नाही.

“पिराची वळ कुणी उठवली? आँ? समदी भोरडी माज्या रानात उतरली की! पाणी पाजाय गेले तवर दोन वाफं भुंडं झालं! आन् मास्तर कुठं हायत?”

“मी… मी राखण करत होतो.”

“राखण?” गौराक्काने त्याच्या कोटाकडे, मग त्याच्याकडे बघितलं. “आरं, त्या चार वळी पाखरांच्या हायत्या! माज्या सासऱ्याच्या सासऱ्यापास्नं! पोट भरंस्तवर तितं खात्यात आन् नदीवर जात्यात. दुसरीकडं चोच लावत न्हाईत. पोरासोरांस्नी ठावं हाय ह्ये. तुला सांगितलं न्हाई कुणी?”

लहानपणी रेवणलाही हे ठाऊक होतं, पुढे तो पार विसरला. आज मास्तरांनी सांगितलं होतं. उतरता उतरता सांगितलं होतं, आणि वर दोनदा बजावलंही होतं. आणि तो दोनदा हो म्हणाला होता.

“वर्साची भाकरी हाय बाबा ती माजी,” गौराक्का म्हणाली. आता ती ओरडत नव्हती आणि रेवणला तेच जड गेलं.

मास्तर आले तेव्हा दोघंही बांधावर उभी होती. मास्तरांनी कुणालाच काही विचारलं नाही. हिरव्या चिंध्यांच्या ओळी बघितल्या, तिथली कणसं भरलेली होती. मग ते बांध ओलांडून गौराक्काच्या रानात गेले. रेवण मागोमाग गेला. दोन वाफ्यांतली कणसं पोकळ झाली होती, खाली दाण्यांची टरफलं पडली होती. मास्तर वाकले, एक मोडलेलं ताट त्यांनी उभं केलं, शेजारच्या ताटाला टेकवलं.

“मास्तर, मी एकही उतरू दिलं नाही,” रेवण म्हणाला. म्हणाला आणि लगेच ओशाळला.

“दिसतंय.”

“मी ऐकलं नाही. तुम्ही सांगत होता, मी लिहीत होतो.”

“काय लिहीत होतास?”

“राखण करणं आणि राखून ठेवणं… वेगळं करत होतो.”

मास्तरांनी मान हलवली. पाचवीत उत्तर चुकलं की हलवायचे तशीच.

“सकाळी पुन्हा येतील,” ते गौराक्काला म्हणाले. “आज इकडं चव लागली. दिवस उगवायच्या आत बसावं लागंल तुला.”

“मी एकटी काय काय करू मास्तर? धारा काढू का माळ्यावर बसू?”



दर्ग्यात परत आल्यावर मास्तरांनी कोनाड्यातून पेटी काढली, फडक्याने पुसली आणि रेवणच्या हातात दिली. इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“मास्तर, आज नको. आज मी…”

“गाडी चुकेल.”

“मी समितीला खोटं सांगितलंय. पेटी माझ्याकडे आहे म्हणून.”

“तुझीच आहे की,” मास्तर म्हणाले, आणि हातपाय धुवायला हौदाकडे गेले.

रेवण पेटी काखेत धरून फाट्यावर आला. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. गाडीला अजून वीस मिनिटं होती. मास्तर त्याला रागावले नव्हते, पण त्याचं मन त्याला बसू देईना. काहीतरी करायचं म्हणून त्याने पेटीची कडी काढली.

झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेलं होतं: चि. रेवण याची. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची, त्याने दिवाळीला येतो म्हणून सांगितलं त्या महिन्यातली.

चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांमध्ये कडुनिंबाचा पाला घातलेला होता, कसर लागू नये म्हणून. वरचा पाला अजून हिरवट होता, याच साली घातलेला. त्याखालचा पिवळा, त्याखालचा तपकिरी. मास्तरांनी जुना कधी काढला नव्हता, दर वर्षी नवा घालत गेले होते. अगदी तळाशी बोट लावलं तर भुगा झाला. रेवणने एकोणीस थर मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. तो रस्त्याकडे बघत बसला.

मग त्याने के या अक्षराचा गठ्ठा सोडला. सवयीनेच. सगळ्या चिठ्ठ्या मुंगीच्या अक्षराने भरलेल्या होत्या, दोन्ही बाजूंनी, कडेपर्यंत. गवंडी काय म्हणतो, सुईण काय म्हणते, नावाडी काय म्हणतो. कीपची चिठ्ठी त्याला सापडली. जुनी होती, बरीच हाताळलेली.

वर इंग्रजी शब्द. खाली कोरी. फक्त एक ओळ, पेन्सिलने:

रेवण येईल तेव्हा त्याला विचारणे.

गाडी आली. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, “सोलापूर का?”

“नाही,” रेवण म्हणाला.

“मग हात कशाला केला?”

“चुकून केला.”

गाडी गेल्यावर त्याने समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. पेटी माझ्याकडे नव्हती, म्हणाला, आज मिळाली. उद्या मला येता येणार नाही. अध्यक्ष बराच वेळ बोलत होते. वरिष्ठ माणसाने असं करावं याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

“मग संपादकपद शेंडग्यांकडे जाईल, उंबरजे. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय.”

“इतकं काय काम काढलंत तिथे?”

“ज्वारी राखायची आहे,” रेवण म्हणाला. पलीकडून फोन बंद झाला. त्याला वाईट वाटलं. आठ वर्षं त्या खुर्चीकडे डोळे लावून बसला होता तो, वाईट वाटायचंच.

सकाळी दिवस उगवला तेव्हा तो गौराक्काच्या माळ्यावर होता. अंगावर तिची घोंगडी, शेजारी गोफण आणि तिचा पत्र्याचा डबा. कागद त्याने दर्ग्यातच ठेवले होते. रात्री दर्ग्याच्या ओसरीवर मास्तरांनी त्याला जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, पण गाडीचं काय झालं हे विचारलं नाही.

थवा नदीकडून आला. कालच्या चवीने तो सरळ गौराक्काच्या रानावर झेपावला. रेवणने डबा वाजवला. तो उठला. पुन्हा आला, पुन्हा रेवणने डबा वाजवला, आणि त्याच वेळी तो बांधापलीकडच्या हिरव्या चिंध्यांकडे बघत होता. जा, तिकडे जा. काल मी तुम्हाला ताटावरून उठवलं, आज तुमचं ताट मांडलेलं आहे. जा ना.

थवा घुटमळला. एक भोरडी फुटून निघाली, भिंतीजवळच्या ओळीवर बसली, इकडेतिकडे बघितलं. खडा आला नाही.

मग दुसरी. मग दहा-बारा.

रेवणने काठी खाली ठेवली. हात मांडीवर घेतले. श्वास जोरात घेतला तरी पाखरं उठतील असं त्याला वाटत होतं. सगळा थवा एकदम खाली आला आणि चार ओळी काळ्याभोर होऊन हलू लागल्या.

शिडी करकरली. मास्तर चहाची किटली घेऊन वर आले, त्याच्या शेजारी बसले. कपात चहा ओतला, त्याच्यापुढे सरकवला. दोघंही ओळींकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने रेवणने खिशातून चिठ्ठी काढली. पेन्सिलची ती एक ओळ मास्तरांपुढे धरली.

“मास्तर,” तो म्हणाला. “यायला फार उशीर केला मी. पण आता आलोय. विचारा ना मला.”

मास्तरांनी चिठ्ठी हातात घेतली. डोळ्यांपासून लांब धरून वाचली. मग घडी घालून परत त्याच्या खिशात ठेवली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “पाखरं खातायत.”